टिपणीसबाईंची खात्री

टिपणीसबाईंनी मला एकदाच फसवलं. फसवणारे धंद्यात रोज भेटतात आणि त्यांना त्यांच्याच भाषेत उत्तर द्यायला मी केव्हाच शिकलो आहे. बाईंना मात्र मी अजून उत्तर देऊ शकलेलो नाही. त्यांचं तोंड भरून कौतुक करणारे कल्याणात खूप आहेत, त्यांनी खुशाल करावं. मीही पुढं करणारच आहे, कारण खरं ते खरं. फक्त माझी तक्रार आधी सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की मोहितेनं गोड गोड लिहिलं.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पत्र्याचे डक्ट बनवतो. मोठ्या ऑफिसांत छताखालून एसीची हवा ज्या चौकोनी बोगद्यांतून फिरते, ते. साताऱ्याकडून येऊन खोपटच्या डेपोत उतरलो तेव्हा वागळे इस्टेट कुठल्या दिशेला हेही मला माहीत नव्हतं. दुसऱ्याच्या शेडमध्ये पत्रा वाकवता वाकवता स्वतःची शेड उभी केली. भाव करायला मला कुणी शिकवलं नाही. समोरच्याचा चहा संपायच्या आत मला कळतं तो किती खाली येईल. इंग्रजीनं तेवढं नाक कापलं. एका कंपनीच्या खरेदी-अधिकाऱ्यासमोर मी म्हणालो, “यू मस्ट गिव्ह मी ऑर्डर. आय विल डेफिनेटली डिलिव्हर मंडे.” तो खुर्चीत मागं रेलला, “मस्ट?” म्हणाला आणि शेजारच्याकडे बघून हसला. मी टेबलावर हात आपटून बाहेर आलो. सोमवारपर्यंत माल तयार होणारच नव्हता, ती गोष्ट वेगळी.

त्याच आठवड्यात मी टिपणीसबाईंकडे गेलो.

बाई कल्याणला पारनाक्याच्या मागच्या गल्लीत राहायच्या. दुमजली इमारत, तळमजल्यावर त्यांची एक खोली आणि स्वयंपाकघर. अंगानं काटकुळ्या, केस आखूड कापलेले, नेसण नेहमी सुती साडीचं आणि पायांत पुरुषी चपला. नोकरी करणाऱ्यांना, नोकरी शोधणाऱ्यांना, माझ्यासारख्या उपटसुंभांना त्या इंग्रजी बोलायला शिकवायच्या. मी जाताच फीचा भाव सुरू केला.

“बाई, फी जास्त आहे.”

“असेल.”

“कमी करा थोडी.”

“हेच इंग्रजीत म्हणा.”

मी म्हणालो, “यू मस्ट रिड्यूस.”

“जिन्याकडे चला,” बाई म्हणाल्या.

बाईंचा वर्ग खोलीत भरत नसे, जिन्यावर भरत असे. खोली लहान होती हे एक कारण. खरं कारण वेगळं होतं. जिन्याच्या प्रत्येक पायरीला त्यांनी खात्रीची एकेक जागा ठरवून दिली होती. तळाला ‘माइट पॉसिबली’. त्याच्या वर ‘कुड परहॅप्स’. मध्यावर ‘मे वेल’. त्याहून वर ‘विल प्रॉबेब्ली’, आणि अगदी वर, जिथं पहिल्या मजल्यावरच्या लोकांच्या चपला पडलेल्या असत, तिथं ‘विल सर्टनली’ आणि ‘मस्ट डेफिनेटली’. जो कुणी वाक्य बोलेल त्यानं आधी त्या पायरीवर जाऊन उभं राहायचं आणि मग बोलायचं. बोलून झालं की बाई विचारणार, “कशावरून?” कारण सांगता आलं नाही तर एक पायरी उतरायची. परत बोलायचं. परत “कशावरून?”

माझं ‘मस्ट’ घेऊन मी चपलांपर्यंत चढलो.

“फी कमी झालीच पाहिजे. कशावरून?”

“मला जास्त वाटते म्हणून.”

“उतरा.”

मी उतरत उतरत खाली आलो. तळाच्या पायरीवर उभा राहिलो तेव्हा त्या म्हणाल्या, “आता म्हणा. कुड यू पॉसिबली रिड्यूस इट?” मी म्हणालो. बाई म्हणाल्या, “नाही. पण विचारलंत छान.” आयुष्यात इतक्या सभ्यपणे मला कुणी हाकललं नव्हतं. पूर्ण फी देऊन मी वर्गात बसलो.

त्या म्हणायच्या, “नुसतं ‘मे’ म्हणजे उघडं दार. शेजारी ‘वेल’ आलं की समजा कुणीतरी आत यायला निघालंय. ‘माइट’च्या शेजारी ‘पॉसिबली’ बसलं की समजा दार आहे, पण पलीकडे कुणी आहे की नाही ठाऊक नाही.” हा जोडीदार कुठं बसवायचा याबद्दल त्या फार कडक होत्या. “मधे बसवा. ‘विल’ आणि ‘कम’ यांच्या मधे. ‘विल प्रॉबेब्ली कम.’ लग्नात करवली मागं नाही उभी करत.” त्यांचं एक वाक्य मी अजून कामगारांना ऐकवतो: “माहीत असेल तेवढं बोलावं. खात्री उसनी आणू नये.”

जिन्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हाल होत. एकदा सिलेंडरवाला खांद्यावर सिलेंडर घेऊन खाली उभा राहिला.

“मॅडम, जरा बाजूला घ्या ना पब्लिकला. वरच्या वहिनींनी लवकर बोलावलंय.”

“वहिनी घरात आहेत?”

“असतीलच.”

“कशावरून?”

“अहो मॅडम, मान मोडतेय माझी!”

बाई लगेच बाजूला झाल्या. वरच्या वहिनी घरात नव्हत्या. सिलेंडर घेऊन तो परत खाली आला तेव्हा बाईंनी त्याला पुन्हा वाट करून दिली, आणि आम्ही जीभ चावून बसलो.

आमच्याबरोबर शहाडची रेश्मा नावाची मुलगी होती. कॉल सेंटरच्या नोकरीसाठी धडपडत होती. एक दिवस नटूनथटून आली आणि थेट चपलांपर्यंत चढली. “आय विल डेफिनेटली गेट द जॉब!”

“मुलाखत झाली?”

“उद्या आहे, बाई.”

“उतरा.”

ती उतरली. “आधी कुणी ओळखीचं आहे तिथं?” उतरली. “गेल्या वेळी घेतलं होतं?” उतरली. तळाला आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी भडकलो. “बाई, पोरीला हिंमत द्यायची सोडून हे काय चालवलंय?”

“हिंमत खालच्या पायरीवरूनही धरता येते,” बाई म्हणाल्या. “वरून पडलं की लागतं.”

रेश्माला ती नोकरी मिळाली. पेढे घेऊन आली. बाईंनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, “नेमणुकीचं पत्र आलं?”

“फोनवर सांगितलंय.”

“मग ‘प्रॉबेब्ली’वर उभ्या राहा.”

सगळे हसले, रेश्मासुद्धा. पेढ्याचा तुकडा गालात धरून बाईही हसल्या.

त्यांचं मराठीही असंच होतं. चहा पुढं करताना म्हणायच्या, “साखर पुरेशी असावी.” लग्नाची पत्रिका आली की, “येण्याचा विचार आहे.” शेजारणी चिडायच्या. कुणी आजारी असलं की बाकीच्या बायका “होईल हो बरं, काळजी नको” म्हणायच्या. बाई म्हणायच्या, “बरं वाटू शकतं. डॉक्टर काय म्हणाले?” समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी तर त्यांना हळदीकुंकवाला बोलवायचं सोडलं होतं. “तोंडात कधी शुभ म्हणून शब्द नाही,” अशी त्यांची तक्रार. बाईंच्या कानावर ती आली. त्या म्हणाल्या, “बरोबर असेल त्यांचं.”

मी मात्र त्यांच्या जिन्याचा वेगळाच उपयोग करून घेतला. समोरचा माणूस कुठल्या पायरीवर उभा आहे, हे त्याच्या बोलण्यातून मला ओळखू यायला लागलं. खरेदी-अधिकारी “वी कुड पॉसिबली कन्सिडर” म्हणाला की मी समजायचो, तळाला आहे पण आत आला आहे. मग चहा मागवायचा, शांत राहायचं आणि त्याला हळूहळू वर ओढायचं. “सो यू मे वेल कन्सिडर, सर?” “वेल, मे बी.” “प्रॉबेब्ली बाय फ्रायडे, सर?” ज्यानं मला हसून घालवलं होतं, त्यालाच मी एका दुपारी ‘सर्टनली’पर्यंत चढवलं. ऑर्डर घेऊन पेढ्यांचा पुडा बाईंकडे नेला आणि कसं ओढलं ते रंगवून सांगितलं.

बाईंनी पुडा उघडला नाही. “मोहिते, मी तुम्हाला बोलायला शिकवलं. माणसांना ओढायला नाही.”

“धंद्यात ओढावंच लागतं, बाई.”

“लागत असेल. पण ओढून वर आणलेला माणूस खरं तिथं नसतो. तो तुमच्या हाताला लटकलेला असतो.”

मला राग आला. शिकवणाऱ्यानं शिकवावं, उपदेश कशाला, असं मनात म्हटलं. पण जाणं बंद केलं नाही. मला तिथं बरं वाटायचं, आणि माझ्या आईलाही. आई माझ्याकडे राहायला आल्यापासून रविवारी माझ्याबरोबर यायची. तळाच्या पायरीवर बसून पावटे सोलायची. बाईंची आणि तिची गट्टी जमली. आई म्हणायची, “बाई, ह्याला इंग्रजी कशाला शिकिवता? गप बसायला शिकवा. घरात नुसता वरडतोय.”

बाई म्हणायच्या, “तेही शिकवून पाहिलंय. जमेलसं दिसत नाही.”

दोघी हसायच्या. माझ्या आईला न ओढता हसवणारी कल्याणात ती एकच बाई होती.

मग आई आजारी पडली. छातीत पाणी झालं. कल्याणातल्याच एका दवाखान्यात ठेवली. चौथ्या दिवशी मोठे डॉक्टर येणार होते. दक्षिणेकडचे, वयस्कर. मराठी येत नव्हतं, हिंदीही तुटकी. एवढी वर्षं बाईंकडे काढून मला इंग्रजी कळत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी माझा माझ्यावर भरवसा नव्हता. मी बाईंना फोन केला. “बाई, तुम्ही या. डॉक्टर नेमकं काय म्हणतात ते तुम्ही ऐका.” बाई चपला सरकवून आल्या.

डॉक्टरांनी आईला तपासलं, कागद चाळले आणि आम्हाला बाहेरच्या व्हरांड्यात आणलं. बरंच काही बोलले. शेवटी म्हणाले, “शी माइट पॉसिबली पुल थ्रू.” आणि पुढच्या खाटेकडे गेले.

‘पुल थ्रू’, म्हणजे यातून वाचणं, तेही तळाच्या पायरीवरचं, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तरी बाईंकडे वळलो.

“काय म्हणाले, बाई?”

“शक्यता आहे म्हणाले.”

“शक्यता म्हणजे चांगली शक्यता ना?”

बाई माझ्याकडे बघत होत्या.

“बाई, बहुधा बरी होईल, असंच ना? आज माझा मोठा माल जायचाय. साइटवर मी स्वतः हजर असल्याशिवाय ते उतरवून घेणार नाहीत. मी तासा-दोन तासांसाठी जाऊन येतो. होईल ना बरी? होईलच ना?”

मी किती वेळा विचारलं ते आठवत नाही. बाईंचा हात पदराच्या टोकाशी चाळा करत होता.

“होतील,” त्या म्हणाल्या. “नक्की. या तुम्ही जाऊन. मी बसते त्यांच्याजवळ.”

बाईंच्या तोंडून ‘नक्की’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. बाजारात कुणी असा एकदम वर चढला असता तर मी दहा प्रश्न विचारले असते. त्या दिवशी एकही विचारला नाही. आत जाऊन आईच्या कपाळाला हात लावला. तिनं मास्कच्या आतून मान हलवली. मी निघालो. बायको मुलाच्या परीक्षेसाठी घरी गेली होती, संध्याकाळी येणार होती. म्हणजे आईजवळ फक्त बाई होत्या.

शेडवर ट्रकमध्ये डक्टचा शेवटचा तुकडा चढत असताना बाईंचा फोन आला. त्या काय बोलल्या ते मला लिहायचं नाही. मी गाडी काढली आणि दुर्गाडीच्या पुलाजवळ अडकलो. पुढं बिघडलेला कंटेनर आडवा. मी खाली उतरून हवालदाराशी भांडलो, कंटेनरच्या ड्रायव्हरच्या अंगावर धावून गेलो. तो बिचारा म्हणाला, “भाई, मैं क्या करूं, एक्सल टूटा है।” तुटलेल्या एक्सलशी भाव करता येत नाही. कल्याण समोर दिसत होतं.

पोहोचलो तेव्हा आईवर चादर ओढलेली होती. बाई स्टुलावर बसून होत्या. मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. माझ्याकडून सगळ्यांना तीच अपेक्षा होती. आईजवळ बसायची ती दुपार माझी होती. बाईंनी मला कामावर पाठवलं आणि माझ्या जागी स्वतः बसल्या. हीच ती तक्रार. अजून आहे.

पारनाक्याला जाणं मी बंद केलं. बाईंनी दोनदा फोन केला, मी उचलला नाही. वर्षं गेली. मग एक दिवस रेश्माचा मेसेज आला: बाईंची इमारत पाडणार, बाई डोंबिवलीला भाचीकडे कायमच्या चालल्या, रविवारी निघणार, भेटायचं असेल तर भेटून घ्या.

मी भांडायला गेलो, असं स्वतःला सांगितलं होतं.

खोली रिकामी झाली होती. दोन बॅगा, एक बोचकं आणि भिंतीवर चौकटींचे पांढरे डाग. बाई बॅगेवर बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “या मोहिते. चहा नाही देता येणार, गॅस दिला काढून.”

मी सरळ विषयावर आलो. “बाई, त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलं होतं.”

“मला माहीत आहे.”

“मग तुम्ही ‘नक्की’ का म्हणालात?”

“चुकलं,” बाई म्हणाल्या.

बस. एवढंच. मी इतक्या वर्षांची तयारी करून आलो होतो. त्या कारणं देतील, मी ती पाडेन, त्या जरा सरकतील, मी आणखी रेटेन. समोरच्यानं पहिल्याच दमात सगळं मान्य केलं की भाव करणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. पुढं त्याच म्हणाल्या, “तुम्ही ओढत होतात. आणि तुमचं तोंड असं झालं होतं की मी वर आले. जन्मात एकदा आले. त्याची शिक्षा तुम्हाला झाली.”

मग मी ते विचारलं, ज्यासाठी खरं म्हणजे आलो होतो. “शेवटी ती काही बोलली का?”

बाई म्हणाल्या, “एकदा डोळे उघडले. मास्कच्या आत ओठ हलले. मी कान जवळ नेला, पण ऑक्सिजनचा आवाज होता, आणि शेजारच्या खाटेवरचं पोर रडत होतं. ऐकू आलं नाही.”

“माझं नाव घेतलं?”

“घेतलं असू शकतं.”

“सुरेश म्हणाली असेल, बाई. तुमच्यासमोर मला कितीदा हाक मारलेली तिनं. ओठ कसे हलतात ते तुम्हाला माहीत होतं.”

“माहीत होतं. तरी सांगता येत नाही.”

“मग बहुधा म्हणा.”

“मोहिते.”

“नक्की म्हणा असं मी म्हणत नाही. नुसतं बहुधा. तुमचं काय जातंय त्यात?”

दारात भाची आली. “मावशी, गाडी रस्त्यात उभी आहे, मागचे भोंगे वाजवतायत.” मी बॅगा उचलल्या. बाई एका हातानं भिंत धरून बाहेर आल्या. मी त्यांना गाडीत बसवलं, बोचकं मांडीवर दिलं आणि खिडकीत वाकलो. आजूबाजूला लोक होते. एरवी चारचौघांत कुणापुढं वाकायचा माझा स्वभाव नाही.

“बाई, बहुधा तरी.”

त्यांनी डोळे मिटले. टाळायला म्हणून नाही. त्या खरंच त्या खाटेजवळ जाऊन परत बघत होत्या, परत कान लावत होत्या. कपाळावरच्या आठ्यांवरून मला ते दिसत होतं. मग त्यांनी डोळे उघडले.

“असू शकतं,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे तेवढंच आहे. तेवढं घेऊन जा.”

भाचीनं काच वर केली आणि गाडी पत्रीपुलाच्या दिशेनं हलली. काचेमागं बाईंचे ओठ आणखी काहीतरी बोलताना दिसले. मी गाडीबरोबर चार पावलं धावलो. मला ऐकू आलं नाही.